ठेका, सूर आणि ब्रेक

जुन्या मोटरसायकलींबद्दल मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक वेळा वडिलांबद्दल असतं. वडिलांची येझदी, काकांची राजदूत, गावातल्या डॉक्टरांची बुलेट. पेट्रोलच्या टाकीवर बसून केलेला प्रवास, वाऱ्यानं डोळ्यांत येणारं पाणी, रात्री लांबून ऐकू येणारा आवाज आणि तो ऐकून पानं घ्यायला उठणारी आई. हे लेखन वाईट असतं असं नाही, पण त्यात गाडी फारशी नसते. ती फोटोच्या चौकटीचं काम करते. नव्या गाड्यांबद्दलचं बोलणं उलट्या टोकाला असतं. तिथे गाडीशिवाय काहीच नसतं: इतकी अश्वशक्ती, इतका टॉर्क, शून्य ते शंभर इतक्या सेकंदांत, आणि शेवटी घ्यावी की नाही याचा निकाल. एका बाजूचं म्हणणं असतं की जुन्या गाड्यांना जीव होता, दुसरीचं की जुन्या गाड्या भंगार होत्या. आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असल्यामुळे हा वाद वर्षानुवर्षं आहे तिथेच आहे.

'जीव' या शब्दाचा मला राग नाही, पण तो समीक्षेचा शब्द नाही. कविता काळजाला भिडली एवढं सांगून कुणी थांबलं तर आपण विचारतो, कशामुळे? शब्दांमुळे, लयीमुळे, की ती वाचली त्या वेळी तुम्ही प्रेमात होतात म्हणून? गाडीलाही हेच विचारायला हवं. त्यासाठी इंजिनापर्यंत जावं लागतं.

तुलनेला मी एका बाजूला बिडाच्या इंजिनाची जुनी बुलेट ३५०, राजदूत ३५० आणि यामाहा आरएक्स १०० घेतो. दुसऱ्या बाजूला चाकणच्या कारखान्यातून निघणारी केटीएम ३९० ड्यूक. हजार सीसीच्या, दोनशे अश्वशक्तीच्या परदेशी सुपरबाइक घेतल्या असत्या तर तुलना जास्त नाट्यमय झाली असती, पण उपयोगाची नाही. 'धूम' आला तेव्हा, २००४ साली, हायाबुसा हे नाव शाळकरी पोरांच्या तोंडी झालं, पण ती गाडी त्यांच्या गल्लीत कधी आली नाही. शिवाय आपल्याकडे दुचाकीला महामार्गावर ८० ची मर्यादा आहे आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर तिला प्रवेशच नाही. राज्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध वेगवान रस्त्यावर दोनशे अश्वशक्तीवाल्यालाही मज्जाव आणि लुनावाल्यालाही. तेव्हा ज्या गाड्या खरोखर आपल्या रस्त्यांवर, आपल्या ऐपतीच्या आसपास आहेत त्यांच्याबद्दलच बोलू.

जुन्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा वरखाली प्रवास, म्हणजे स्ट्रोक, ९० मिलिमीटर. उंच आणि अरुंद, तांब्यासारखा. पहिल्या ३९० ड्यूकचा, म्हणजे २०१३ च्या गाडीचा, व्यास ८९ आणि स्ट्रोक फक्त ६०. पसरट, परातीसारखा. बुलेटचं घनफळ ३४६ सीसी, ड्यूकचं ३७३. म्हणजे फार फरक नाही. पण बुलेट १८ अश्वशक्ती देते, ड्यूक ४३. हा फरक आला कुठून? पसरट सिलिंडरच्या माथ्यावर मोठे व्हॉल्व्ह बसतात आणि इंजिन जास्त श्वास घेऊ शकतं, हे एक. दुसरं म्हणजे आखूड स्ट्रोकमुळे पिस्टनला दर फेरीला कमी अंतर जावं लागतं, म्हणून फेऱ्या वाढवता येतात. बुलेट साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास दमते, ड्यूक नऊ हजारांच्या आसपास पूर्ण ताकदीला येते.

इथे एक छोटं गणित करून पाहावं. साडेपाच हजारांच्या वर फेऱ्यांना बुलेटचा पिस्टन सेकंदाला सरासरी १७ मीटर धावतो. नऊ हजार फेऱ्यांना ड्यूकचा पिस्टन धावतो १८ मीटर. म्हणजे जिला आपण संथ, डौलदार, गजगामिनी वगैरे म्हणतो आणि जिला माथेफिरू म्हणतो, त्या दोघींचे पिस्टन आपापल्या कमाल ताकदीला जवळजवळ एकाच वेगानं पळत असतात. बुलेटची संथता ही आळशीपणाची नाही. तीही जिवाच्या आकांतानं धावते; फक्त तिची पावलं लांब आहेत.

आता आवाज. जुन्या गाडीच्या प्रेमात पडलेला माणूस शेवटी आवाजापाशी येतो, आणि त्याची बहुतेक वेळा थट्टा होते. मला वाटतं तो बरोबर जागी आलेला असतो. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो. उभी बुलेट आठ-नऊशे फेऱ्यांवर चालत असेल तर सेकंदाला सात स्फोट. माणसाच्या कानाची गंमत अशी की सेकंदाला साधारण वीसपर्यंतचे ठोके त्याला सुटे सुटे जाणवतात. त्याच्या पुढे ते एकमेकांत मिसळतात आणि आवाजाला पट्टी येते. तबल्यावरचा रेला कितीही जलद झाला तरी बोल कळतात. तोच वेग आणखी कितीतरी पट वाढवता आला असता तर बोल नाहीसे होऊन नुसतं गुंजन उरलं असतं. बुलेटची ती वीसची सीमा येते २४०० फेऱ्यांना. म्हणजे गल्लीतून, बाजारपेठेतून, देवळासमोरून जाणारी बुलेट सीमेच्या अलीकडे असते. ती ठेका धरते. पूर्ण ताकदीची ड्यूक सेकंदाला पंचाहत्तर स्फोट करते; तिचा सूर लागलेला असतो. आरएक्स १०० टू-स्ट्रोक, दर फेरीला एक स्फोट, साडेसात हजार फेऱ्यांना सेकंदाला सव्वाशे. राजदूत ३५० ला तर दोन सिलिंडर, तेही टू-स्ट्रोक. ती भरात आली की सव्वादोनशे. ही वाढत जाणारी पट्टी डोळे मिटूनही ओळखू येते.

तेव्हा 'बुलेटला जीव आहे' याचा एक अर्थ असा लागतो: तिचा वेग आपल्या शरीराच्या मोजमापात राहतो. हृदयाचे ठोके, चालणं, टाळ्या, जातं, हे सगळं ठेक्याच्या प्रदेशातलं आहे. ड्यूकचा आवाज शरीराबाहेरचा आहे, म्हणून तो थरारक वाटतो आणि म्हणूनच कुणी त्याला मायेनं आठवत नाही. दोन्हींची सौंदर्यं वेगळी आहेत. धृपदाच्या आलापावर बसून द्रुत तराण्याला शिव्या घालणारा रसिक आपण भोळा समजतो. इथेही तसंच समजावं.

एक मात्र विसरू नये. आज जिला आपण जुनी म्हणून कुरवाळतो ती आरएक्स १०० तिच्या काळातली ड्यूकच होती. १९८४ ते ८६ या दोन-तीन वर्षांत इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा, कावासाकी बजाज अशा शंभर सीसीच्या जपानी धाटणीच्या गाड्या एकापाठोपाठ आल्या. त्यांतली शंभर किलोच्या आसपास वजनाची आणि अकरा अश्वशक्तीची आरएक्स सगळ्यांत चपळ. बुलेट-राजदूतवाल्यांच्या दृष्टीनं ते प्लास्टिकचं खेळणं होतं, नाकतोडा होता. १९९६ मध्ये ती बंद झाली आणि आता तिच्या मूळ रंगातल्या, कागदपत्रं धड असलेल्या गाडीला लोक लाखाच्या वर मोजतात. 'क्लासिक' हा गाडीचा गुण नाही. गाडी बाजारातून गेल्यानंतर तिला मिळणारं ते पद आहे. रॉबर्ट पर्सिगच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या १९७४ च्या पुस्तकातही हेच दडलेलं आहे. जुन्या, समजून घेता येणाऱ्या यंत्राचं ते उपनिषद मानलं जातं. पण पर्सिगची स्वतःची गाडी होती होंडा सुपर हॉक; बटणानं सुरू होणारी, नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जाणारी, ब्रिटिश गाड्यांची झोप उडवणाऱ्या जपानी पिढीतली.

पर्सिगच्या पुस्तकातला एक प्रसंग इथे फार कामाचा आहे. त्याच्या मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल होतं. पर्सिग सुचवतो की बिअरच्या डब्याचा अॅल्युमिनियमचा पत्रा कापून फटीत घालू, काम होईल. मित्र दुखावतो. एवढ्या भारी गाडीला डब्याचा पत्रा! पर्सिगच्या लेखी तो पत्रा म्हणजे योग्य जाडीचा, न गंजणारा धातू आहे. मित्राच्या लेखी तो कचरा आहे. गाडीकडे पाहायच्या दोन तऱ्हांमधला हा फरक आपल्याकडच्या प्रत्येक मेकॅनिकला पुस्तक न वाचता ठाऊक होता. पॉइंटचा गॅप बघायला सिगरेटच्या पाकिटातला कागद, प्लग घासायला पॉलिश पेपर, टॅपेटचा आवाज ऐकायला स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला.

जुन्या आणि नव्या गाडीतला खरा फरक मला इथे दिसतो. वेगात तो आहेच, पण त्याहून मोठा फरक हा की गाडीबद्दलचं ज्ञान कुठे ठेवलेलं आहे.

जुनी बुलेट किकनं सुरू करायची म्हणजे काय करावं लागे ते पाहा. हँडलवरचा डीकॉम्प्रेशनचा छोटा दांडा दाबायचा, म्हणजे सिलिंडरमधली हवा सुटते आणि किक हलकी होते. मग किक सावकाश खाली ढकलत हेडलाइटच्या टोपीवरच्या अँपिअर मीटरकडे बघायचं. पॉइंट मिटलेले असताना वीज वाहते म्हणून काटा डावीकडे झुकतो; उघडले की तो मध्यावर येतो. काटा मध्यावर आला याचा अर्थ पिस्टन माथ्याजवळ आला, ठिणगीची वेळ झाली. आता दांडा सोडायचा, किक पुन्हा वर आणायची आणि एकच, पूर्ण, निर्धास्त किक. अर्धवट मारली तर ती उलटी बसते, आणि उलट्या किकनं पोटरी सुजलेली माणसं अजून हयात आहेत. या सगळ्यात विजेचा काटा पिस्टनची जागा सांगतो. ज्याला हे कळलं त्याला इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते न उघडता दिसायला लागतं. टॅपेटचंही तसंच: इंजिन थंड असताना पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा, सहज फिरला पाहिजे, पण वरखाली खुळखुळता कामा नये. मोजपट्टी म्हणजे आपली बोटं.

येझदी-जावात तर किक आणि गिअरचा दांडा एकच होता. गाडी सुरू करायला तोच आत दाबून उभा करायचा आणि किक मारून झाली की पुन्हा गिअरच्या जागी आणायचा. पहिल्यांदा बसलेल्या माणसाला किक सापडत नसे आणि मालक लांबून मजा बघत उभा राही. हा एक प्रकारचा दीक्षाविधी होता, आणि सगळ्या दीक्षाविधींसारखाच तो काहींना बाहेर ठेवण्यासाठीही होता. किकच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांत बाया फारशा दिसत नाहीत याचं कारण उघड आहे. त्यांना मागे, एका अंगानं, साडी सावरत बसवलेलं होतं. बटणानं सुरू होणाऱ्या गाडीनं विधी घालवला, पण विधीबाहेरच्यांना गाडीही दिली. जुन्याचं गुणगान करताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

ड्यूकच्या पोटात काय चाललंय हे ड्यूकला कळतं. हवा किती थंड आहे, थ्रॉटल किती उघडला, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन किती उरला, चाकं एकमेकांच्या मानानं किती फिरताहेत, हे ती सेन्सरनं मोजते आणि पेट्रोलचा फवारा तिथल्या तिथे बदलते. आता तर मुठीपासून थ्रॉटलपर्यंत तारच नाही. मूठ फक्त इच्छा कळवते आणि किती उघडायचं ते संगणक ठरवतो. हे चांगलं आहे का? खारदुंगलाच्या उंचीवर विरळ हवेत कार्बोरेटर गोंधळतो, पेट्रोल जास्त होतं, बुलेट धापा टाकते. इंजेक्शनची गाडी आपली आपण जुळवून घेते. तिथे उणे तापमानात जेट बदलत बसलेल्याला विचारा. पण बिघाड झाला की चित्र पालटतं. पिवळा दिवा लागतो, आणि त्याचा अर्थ वाचायचं उपकरण कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे असेलच असं नाही. ज्यानं वीस वर्षं कान लावून गाड्या ऐकल्या, त्याचा कान एका बंद डबीपुढे निकामी होतो. जुनी गाडी जास्त बिघडायची, बुलेट जिथे उभी राहील तिथे तेलाचा थेंब टाकून जायची, पण तिचा बिघाड वाचता यायचा. नवी गाडी क्वचित बिघडते आणि बिघडली की ती भाषाच आपली नसते.

हा तोटा खरा आहे आणि त्यात माणसांची रोजीरोटी आहे. पण इथून पुढे जुन्याच्या बाजूनं बोलणं मला जमत नाही, कारण पुढे ब्रेक येतात.

राजदूत ३५० चं उदाहरण घेऊ. यामाहाची मूळ आरडी ३५० ही सत्तरच्या दशकातली, ३९ अश्वशक्तीची, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेली गाडी. एस्कॉर्ट्सनं ती १९८३ साली भारतात आणली तेव्हा आपल्या पेट्रोलच्या भावासाठी आणि खिशासाठी तिची ताकद उतरवली. आधीच्या गाडीत साडेतीस, नंतरच्या 'लो टॉर्क'मध्ये सत्तावीस. आणि पुढची डिस्क काढून तिथे ड्रम बसवला. ताकद कमी केली तरी ती त्या काळच्या भारतीय रस्त्यावर इतर कशाच्याही कितीतरी पुढे होती. सहा गिअर, दोन सिलिंडर, आणि ठरावीक फेऱ्यांनंतर अंगात आल्यासारखी झेप. ब्रेक मात्र तिच्या अंगातलं काढायला पुरेसे नव्हते. आरडी या अक्षरांचा 'रॅपिड डेथ' असा अर्थ पोरांनी लावला तो उगीच नाही. यामाहानं अभिप्रेत धरलेला अर्थ 'रेस डेव्हलप्ड' असा सांगतात. रस्त्यानं त्याचं भाषांतर आपल्या अनुभवानं केलं.

ड्रम ब्रेकमध्ये लायनर डब्याच्या आतून घासतात. उष्णता आत कोंडते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला की लायनर तापतात, पकड सुटते, आणि दांडा किंवा पॅडल पूर्ण दाबलं तरी गाडी आपली खाली चालली आहे अशी ती भयानक पोकळ जाणीव होते. पावसाळ्यात पाणी आत शिरलं की पहिले काही क्षण ब्रेक नसल्यातच जमा. कोकणात उतरणारे घाट आणि आपला पाऊस, दोन्ही एकदमच येतात. डिस्क उघडी असते. वारा तिला थंड करतो, पाणी फिरण्यानंच उडून जातं. एबीएस तर आणखी पुढची गोष्ट. घाबरलेला माणूस ब्रेक गच्च दाबतो. चाक लॉक होतं. लॉक झालेल्या पुढच्या चाकाची गाडी आडवी होते. एबीएस सेकंदात अनेकदा ब्रेक सोडून पकडतो आणि चाक फिरतं ठेवतो. म्हणजे घाबरलेल्या माणसाच्या हाताला ते एका निष्णात चालकाचं शहाणपण उसनं देतं. त्यात जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. दुसऱ्या कुठल्याही गाडीवरून येऊन बुलेटवर बसलेला माणूस आणीबाणीत हमखास चुकीचा पाय दाबायचा. तो 'खानदानी वेगळेपणा' म्हणून आज कौतुकानं सांगितला जातो.

आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झाला तो एप्रिल २०१९ पासून. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ सालच्या अपघाती मृत्यूंचा आकडा आहे १,६८,४९१, त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे. हा आकडा समोर ठेवून 'पूर्वीच्या गाड्यांना जीव होता' हे वाक्य एकदा मोठ्यानं म्हणून पाहावं.

मग ड्यूकला शरण जायचं का? तिथेही एक गोम आहे. युरोपात मोटरसायकलचा परवाना टप्प्याटप्प्यानं मिळतो. सुरुवातीला १२५ सीसी, ११ किलोवॉटपर्यंत. मग ३५ किलोवॉटपर्यंत. त्यानंतर वाटेल ती गाडी. ३९० ड्यूकची ३२ किलोवॉटची ताकद त्या मधल्या टप्प्यात चपखल बसते. तिथे ती मधली पायरी आहे. आपल्याकडे गिअरवाल्या मोटरसायकलचा परवाना अठराव्या वर्षी एकदा मिळाला की शंभर सीसीही तोच आणि हजार सीसीही तोच. कालपर्यंत आईच्या अॅक्टिव्हावर क्लासला जाणारा मुलगा आज थेट मधल्या पायरीवर उडी मारतो, आणि पायऱ्या असतात हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. गाडीचे ब्रेक उत्तम आहेत, टायर उत्तम आहेत, वळणावर झुकलेली असतानाही एबीएस शुद्धीवर असतो. पण ताशी शंभरला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, आणि समोरून उलट्या बाजूनं आलेला ट्रॅक्टर दिसून मेंदूला कळेपर्यंतचा तो सेकंद कुठलाही संगणक परत देत नाही. जुनी गाडी आपल्या मर्यादा थरथरून, खडखडून, तेल ओकून सांगायची. ऐंशीच्या पुढे बुलेटचे आरसे नुसते धुरकट आकार दाखवायचे आणि हातांना मुंग्या यायच्या. ड्यूक शंभरला शांत असते. ही शांतता हे तिचं अभियांत्रिकी यश आहे आणि मला तिच्यातली सगळ्यात धोक्याची गोष्टही तीच वाटते.

या दोन्हींच्या मध्ये आता तिसरीच जात आली आहे आणि बाजार तिचाच आहे: जुन्या चेहऱ्याच्या नव्या गाड्या. चाकणहूनच २०२३ पासून ट्रायम्फ स्पीड ४०० निघते. गोल दिवा, साधी टाकी आणि आत ३९८ सीसीचं, ४० अश्वशक्तीचं अगदी आजचं इंजिन. ज्या गावातून टोकदार, नारिंगी ड्यूक बाहेर पडते त्याच गावातून ही सभ्य, जुन्या वळणाची पाहुणीही. या जातीला नक्कल म्हणून मोडीत काढायची घाई करू नये. इथेही चांगलं-वाईट असतं.

२०१८ ला परतलेली जावा पाहा. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, जुन्यासारखेच. इंजिन पाण्यानं थंड होणारं, पण बाहेरून हवेनं थंड होणाऱ्या जुन्या इंजिनासारखं घडवलेलं. दिसायला देखणी आहे, वादच नाही. पण जुन्या जावाचं वागणं, तो एकच दांडा, तो टू-स्ट्रोकचा ठसका, यातलं काहीच तिच्यात नाही, आणि असूही शकत नाही. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येताना थोडं तसंच न जळता बाहेर निसटतं. आजच्या प्रदूषणाच्या नियमांत ते बसवणं परवडत नाही. म्हणजे नवी जावा हे जुन्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आहे, आत कादंबरी वेगळी.

रॉयल एन्फिल्डच्या नव्या ३४९ सीसी इंजिनाचं मात्र मला कौतुक वाटतं. व्यास ७२, स्ट्रोक ८५.८. या काळात इतका लांब स्ट्रोक कुणी उगाच ठेवत नाही. त्यांना चाळीस अश्वशक्ती काढता आली असती. त्यांनी वीसवर थांबायचं ठरवलं. म्हणजे बुलेटचं सार तिच्या टाकीवरच्या सोनेरी रेषेत नसून त्या लांब पावलात, त्या ठेक्यात आहे हे कुणाला तरी नीट कळलं होतं. थरथर काढली, तेलगळती थांबवली, गिअर डावीकडे नेला, डिस्क दिली, एबीएस दिला आणि ठेका ठेवला. चांगल्या भाषांतरकाराला काय सोडायचं हे कळावं लागतं. जुन्या बुलेटवाल्यांची तक्रार आहे की ती फार गुळगुळीत झाली, आवाज मऊ झाला. मग तेच लोक बाजारातून फटाके फोडणारे सायलेन्सर आणून बसवतात, आणि पोलिसांना ते जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवावा लागतो. त्या फटाक्याचा आणि जुन्या ठेक्याचा काही संबंध नाही, हे त्या बसवणाऱ्यांना एकदा शांतपणे ऐकवायला हवं. शक्य झाल्यास रात्री दोन वाजता, त्यांच्या खिडकीखाली.

जुन्या राजदूत ३५० पुन्हा उभ्या करणारी एक जमात आहे. पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांतून, इंटरनेटवरून, भंगारातून सुटे भाग जमवत ही माणसं वर्ष वर्ष एका गाडीमागे घालवतात. स्क्रूच्या डोक्यावरची खूण मूळ आहे की नाही यावर भांडतात. यांच्यात एक वाद कायमचा आहे: पुढच्या चाकाला डिस्क बसवायची का? शुद्धतावादी म्हणतात, राजदूतला ड्रमच होता. डिस्क लावली की ती राजदूत उरली नाही. दुसरे म्हणतात, यामाहाच्या मूळ गाडीला डिस्कच होती. ड्रम ही खर्च वाचवायला एस्कॉर्ट्सनं केलेली काटछाट होती, आम्ही फक्त मूळ पाठ परत आणतोय. पाठचिकित्सेतला हा जुनाच पेच आहे, प्रत कुठली प्रमाण मानायची, आणि दोघांचंही म्हणणं सप्रमाण आहे. डिस्क बसवलेली गाडी प्रदर्शनात गुण गमावते. ड्रमवाली पहिला नंबर घेते, आणि घरी बहुतेक वेळा टेम्पोत घालून नेली जाते.